अंगणाची पारख

घराची किंमत कशी करावी हे कोणास शिकवावे लागत नाही. भिंत पक्की की कच्ची, छप्पर कवेलूचे की सिमेंटचे, दाराशी वाहन उभे आहे की नाही, एवढे पाहिले की आपण त्या घराविषयी मत बनवून मोकळे होतो. परंतु त्याच घराभोवती जी थोडीबहुत मोकळी जमीन असते, जिला आपण पुढे अंगण व मागे परस म्हणतो, आणि झाडीपट्टीत कोठे वाडी तर कोठे सांदवाडी म्हणतात, तिच्याकडे पाहून घराची परीक्षा करणारे फार विरळा. वस्तुतः घरातील माणसे काय खातात, कोणते पाणी पितात, उन्हाळ्याची दुपार कशी काढतात आणि पावसाळ्यात किती वेळा तापाने अंथरूण धरतात, याचे उत्तर पुष्कळदा भिंतीपेक्षा त्या जमिनीतच सापडते. म्हणून या लेखात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे एक विचार ठेवू इच्छितो. तो असा की, आपल्या गावांत टिकाऊ व उपकारक अंगणे कोणती, हे ओळखू शकणारे स्वयंसेवक मुद्दाम शिकवून तयार केले पाहिजेत, आणि हे काम करण्यास शाळेतील मुलांमुलींइतके योग्य दुसरे कोणी नाही.

उदाहरणासाठी आपण नागरा हेच गाव घेऊ. गोंदिया शहराच्या अगदी उशाशी, बालाघाटकडे जाणाऱ्या वाटेवर ते वसले आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे त्याचे नाव लांबवर परिचित आहे. सभोवार धानाच्या बांध्या आहेत, आणि एका बाजूने शहर हळूहळू जवळ येत आहे. शहराच्या शेजारी असलेल्या कोणत्याही गावाचे जे होते त्याची चिन्हे अशा ठिकाणी लवकर दिसू लागतात. मातीची भिंत जाऊन विटांची येते, हे इष्टच आहे. परंतु तिच्यामागोमाग शेणाने सारवलेले अंगणही जाते आणि त्या जागी सिमेंटची फरशी येते. मग मागची वाडी अडगळ वाटू लागते, मुनग्याचे झाड पानांचा कचरा करते म्हणून तोडले जाते, आणि न्हाणीचे पाणी, जे पूर्वी केळीच्या बुडाशी जात असे, ते रस्त्यावर सोडले जाते. यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु पाचशे घरांनी ती केली म्हणजे तिचे रूप पालटते.

आता थोडा हिशेब करू. आपल्या भागात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एखाद्या घराचे अंगण व परस मिळून १०० चौरस मीटर जागा धरली, तर त्या एवढ्याशा तुकड्यावर वर्षात सुमारे १,३०,००० लिटर पाणी उतरते. दोनशे लिटरांची पिपे भरू म्हटले तर साडेसहाशे पिपे लागतील! हे पाणी मातीत गेले तर शेजारच्या विहिरीस त्याचा काही अंश मिळतो. फरशीवरून वाहून गेले तर रस्त्यावर चिखल, खळग्यात डबके आणि वैशाखात रिकामी बादली, एवढेच पदरी पडते. ज्या प्रदेशावर इतका मेघराज प्रसन्न आहे, तेथे उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण व्हावी, यात आकाशाचा दोष थोडा व जमिनीवरील आपल्या व्यवस्थेचा अधिक.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट पूर्णपणे अवगत होती. भंडारा व गोंदिया (१९९९ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता) यांस तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नव्हे. कोहळी समाजातील जाणत्यांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरून जागोजाग पाळी घातल्या, पाणी अडविले, आणि त्यावर धान व ऊस पिकविला. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्या विद्येची आजही साक्ष देतो. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणू लागले. पुढे त्यांपैकी पुष्कळांत गाळ साचला. तलाव बांधणारे हात जसे मोलाचे होते, तशीच उतार ओळखणारी दृष्टीही मोलाची होती. ती दृष्टी पिढीकडून पिढीकडे न गेल्यास बांधलेले कामही टिकत नाही. अंगण हे त्याच विद्येचे लहान रूप होय. तलाव सर्वांस बांधता येणार नाही, परंतु आपल्या दारापुढील उतार प्रत्येकास ओळखता येईल.

मग चांगले अंगण ओळखावे कसे? आमच्या मते पाच प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. छपरावरून पडलेले पाणी कोठे जाते? न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी कोठे जाते? ते केळी, कर्दळी, चमकोरा यांच्या मुळांशी किंवा शोषखड्ड्यात जात असेल तर त्या घरास पहिला मान द्यावा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. साचलेले पाणी म्हणजे जिरलेले पाणी नव्हे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, व अंड्यापासून उडता डास होण्यास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, कुंडीखालची बशी ही सर्व कोरडी केली पाहिजेत. फुटके टायर व नारळाच्या करवंट्या परसात पडल्या असतील तर भोवती कितीही हिरवळ असली तरी ते परस उत्तम नव्हे.

दुसरा प्रश्न मातीचा. माती उघडी आहे की झाकलेली? आपल्याकडे धानाच्या तणसीस तोटा नाही. भाजीच्या वाफ्यावर तिचा चार बोटे थर दिला असता ओल टिकते, तण कमी उगवते, आणि पावसाच्या माऱ्याने माती वाहून जात नाही. ती कुजली म्हणजे तिचेच खत होते. असे असता पुष्कळ ठिकाणी तिला काडी लावून धूर केला जातो, ही शोचनीय गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न झाडांचा. झाडे कोणती आहेत आणि कोठे आहेत? दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर सावली टाकणारा एक निंब किंवा आंबा जे सुख देतो ते विजेच्या पंख्यासही देता येत नाही. मुनगा फांदी लावून येतो, वर्ष-दोन वर्षांत शेंगा देतो, व त्याची पाने लोह आणि 'अ' जीवनसत्त्व या दोहोंसाठी उपयोगी असतात. जाम, सीताफळ, पपई, लिंबू, गोडनिंब ही झाडे लहान जागेतही मावतात. कुंपणावर वाल व दोडका, उकिरड्याच्या कडेस भोपळा, आणि पाटाच्या ओलीत हळद, अशी मांडणी ज्या गृहिणीने केली असेल तिने शेतकीचे पुस्तक वाचलेले नसले तरी ती त्या विद्येची पंडिताच समजावी.

चौथा प्रश्न कचऱ्याचा. घरातून जे निघते ते घरातच जिरते काय? सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे खताची जी पद्धत सिद्ध केली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली, आणि तिच्या मुळाशी येथील शेतकऱ्यांचा अनुभवही होता. त्यानंतर आपल्या विदर्भातीलच पुसदच्या पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा त्या टाक्यात पालापाचोळा, शेण व माती यांचे थर दिले असता थोड्या शेणात पुष्कळ खत तयार होते. प्रत्येक घरी एवढे टाके हवे असे नाही. एक झाकलेला खड्डाही पुरतो. मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यात मिसळलेल्या नसाव्यात, आणि त्या चुलीत जाळलेल्याही नसाव्यात.

पाचवा प्रश्न इतर जीवांचा. चिमणी, सुतारपक्षी, मधमाशी, फुलपाखरू, बेडूक यांस त्या अंगणात थारा आहे काय? झाडावर विषारी औषध फवारण्याआधी कीड खरोखर किती आहे हे कोणी पाहते काय? ज्या वाफ्यावर मधमाशी येत नाही त्या वाफ्यातील भोपळीस फूल धरते, पण फळ धरत नाही, हे आपल्या आज्यांस ठाऊक असते.

हे पाच प्रश्न वाचून कोणी म्हणेल, "यात शिकविण्यासारखे काय आहे? डोळे असले म्हणजे झाले." आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. नुसत्या डोळ्यांस भुलविणारी अंगणे पुष्कळ असतात. एक अंगण झाडून लखलखीत केलेले असते, गवताची काडी दिसत नाही; अशिक्षित दृष्टी त्यास पहिले बक्षीस देईल. परंतु तेथील माती दगडासारखी घट्ट झालेली असते व एक थेंब आत जात नाही. दुसऱ्या परसात पानांचा थर, वेलींची गर्दी व कोपऱ्यात खताचा ढीग दिसतो. पाहणारा नाक मुरडून पुढे जाईल, पण त्याच घरची भाजी वर्षातून आठ महिने बाजारातून येत नसेल. तिसरीकडे काठावर हिरवेगार रान माजलेले असते आणि आपण त्याचे कौतुक करू लागतो, तो ती निघते बेशरम! ही परदेशाहून आलेली वनस्पती आपल्या कित्येक तलावांच्या काठी पसरली आहे व तिने तेथील देशी वनस्पतींची जागा बळकाविली आहे. घाणेरी व गाजरगवत यांचीही तीच कथा. सारांश, स्वच्छता, हिरवेपणा व शोभा ही तिन्ही चांगली असली तरी त्यांपैकी एकही टिकाऊपणाची खूण नव्हे. म्हणून पारखी शिकवून तयार करावा लागतो.

अशी शिकवण अन्यत्र दिली जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७३ च्या सुमारास, बागेविषयी लोकांचे प्रश्न इतके येऊ लागले की विद्यापीठाच्या कृषी विस्तार खात्यास ते आवरेनात. तेव्हा नागरिकांनाच शिकवून, त्याच्या मोबदल्यात त्यांनी काही तास लोकांस सल्ला द्यावा, अशी योजना निघाली व ती देशभर पसरली. फ्लोरिडात घराभोवतीच्या जमिनीसाठी नऊ तत्त्वे ठरविलेली आहेत. योग्य जागी योग्य झाड लावावे, पाणी व खत बेताने द्यावे, जमीन झाकावी, पावसाचे पाणी वाहू देऊ नये, अशी ती आहेत. शिकलेले स्वयंसेवक घरोघर जाऊन त्या तत्त्वांप्रमाणे अंगण पाहतात, व जे उतरते त्याचा गौरव करतात. तेथील हवा वेगळी, माती वेगळी, झाडे वेगळी. त्यांची यादी आपण उचलू नये. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, त्यांनी आधी पाहणारे शिकविले व मग पाहणी केली.

परंतु इतके लांब जावयास नको. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास सारस पक्ष्यांची गणना होते. 'सेवा' या येथील संस्थेचे कार्यकर्ते, शेतकरी व विद्यार्थी पहाटेच्या अंधारात ठरलेल्या जागी बसून हा दुर्मिळ पक्षी मोजतात. ज्या धानाच्या बांधीत सारस घरटे करतो तिचा धनी त्याचा राखणदार व्हावा, यासाठी त्या शेतकऱ्यास आधी सारसाची ओळख करून दिली गेली. ओळख झाली म्हणजे आपलेपणा येतो, आणि आपलेपणा आला म्हणजे रक्षण आपोआप घडते. जे सारसाच्या बाबतीत साधले ते अंगणाच्या बाबतीत का साधू नये?

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व २०२० साली 'माझी वसुंधरा' हे अभियान सुरू केले. या दोहोंतही गावांस गुण दिले जातात. पहिल्या अभियानाने अनेक गावांत हातात झाडू घेण्याची लाज घालविली, हे त्याचे मोठे पुण्य. तथापि कोणत्याही बक्षिसी योजनेत एक भय असते. समिती येणार त्या दिवशी गाव आरशासारखे होते, आणि समितीची गाडी वेशीबाहेर गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा दोष योजनेचा म्हणण्यापेक्षा वर्षातून एकदा बाहेरून येणाऱ्या डोळ्यांचा आहे. जे डोळे गावातच राहतात, जे आषाढातही पाहतात आणि वैशाखातही पाहतात, त्यांस फसविता येत नाही. शाळेतील मुले हे तसे डोळे आहेत.

मुलांस शिकवावे कसे, याविषयी आमची सूचना थोडक्यात अशी. प्रत्येक तुकडीतून दहा-बारा मुलेमुली निवडाव्यात. त्यांस प्रथम शाळेच्याच आवारात शिकवावे. हातभर खोल खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतावे आणि ते जिरण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. मग तीच परीक्षा फरशीच्या कडेस, झाडाखाली व खेळाच्या मैदानावर करावी. तीन ठिकाणी तीन उत्तरे येतील, आणि तो धडा मुले जन्मभर विसरणार नाहीत. मोरंड, खर्डी, बरडी ही मातीची जुनी नावे शेतकरी पालकांकडून शिकावीत. त्यानंतर गावातील एखाद्या जाणत्या गृहिणीच्या वाडीत जावे व तिच्याकडून वाडीचा इतिहास ऐकावा. परीक्षक होण्याआधी शिष्य व्हावे, हा या विद्येचा पहिला नियम असावा. मग दोघादोघांनी एकच अंगण स्वतंत्रपणे पाहून पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत व नंतर ताडून पाहावीत. जेथे उत्तरे जुळत नाहीत तेथे पुन्हा जावे. एकच घर पावसाळ्यात, हिवाळ्यात व उन्हाळ्यात असे तीन वेळा पाहिल्यावाचून त्याविषयी मत देऊ नये. आणि धन्याच्या परवानगीवाचून कोणाच्याही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये.

या योजनेवर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, लहान मुलांनी वडीलधाऱ्यांच्या घरांची परीक्षा करणे हे उद्धटपणाचे होईल. हा आक्षेप खरा आहे, जर मुले दोष काढीत फिरतील तर. म्हणून आमची अट अशी की स्वयंसेवकांनी फक्त गुण जाहीर करावेत. ज्या अंगणात पाच प्रश्नांपैकी तिहींचे उत्तर समाधानकारक आहे त्याचा गौरव करावा. ज्यात नाही त्याविषयी मौन धरावे, आणि विचारल्यासच मदत करावी. दुसरा आक्षेप गरिबांचा. ज्याच्याकडे खोलीपुरतीच जागा आहे त्याने अंगण कोठून आणावे? त्यास आमचे उत्तर असे की, पारख जागेच्या मानाने करावी. दाराशी एक जुने पिंप, त्यात गोडनिंब, छपरावर चढविलेला दोडका, आणि न्हाणीचे पाणी त्याच्या मुळाशी, एवढे ज्याने साधले तो चार एकरांच्या धन्याहून मागे नाही. उलट ज्याच्या वाड्यापुढे विकतच्या कुंड्यांची रांग आहे, पण सांडपाणी शेजाऱ्याच्या दारी वाहते, त्यास मान मिळू नये. या पाहणीत पैशाचे वजन पडू लागले तर ती बंद केलेली बरी.

तिसरा आक्षेप आया काढतील, व तो सर्वांत गंभीर आहे. झाडी वाढली की साप येतात. आपल्या भागात हे भय काल्पनिक नव्हे. परंतु साप बहुधा उंदीर व बेडूक यांच्या मागावर येतो, आणि लपण्यास विटांचा ढीग, लाकडांची रास व भिंतीलगतची अडगळ शोधतो. म्हणून सरपण भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच रचावे, धान्य उघडे ठेवू नये, दारापासून न्हाणीपर्यंतची वाट स्वच्छ व मोकळी असावी, आणि रात्री दिव्यावाचून परसात जाऊ नये. सुजाण स्वयंसेवकाने ही गोष्ट पाचही प्रश्नांच्या आधी पाहावी. जे अंगण लेकरांस निर्धोक नाही ते कितीही हिरवे असले तरी त्याचा गौरव करू नये. चौथा आक्षेप अभ्यासाचा. त्यास एवढेच सांगतो की, क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, वनस्पतींची कुळे आणि शुद्ध मराठीत वर्णन लिहिणे, हे सर्व या एका कामात येते. ज्या मुलाने स्वतःच्या छपरावरील पावसाचा हिशेब केला त्यास घनफळाचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या नागपूर, रायपूर किंवा त्याहून लांबच्या शहरी जातील, आणि काही परत येऊन येथेच घर बांधतील. घर बांधावयास निघाल तेव्हा गवंडी विचारील की, सगळी जागा फरशीखाली घ्यावयाची की काही मोकळी ठेवावयाची? त्या वेळी उत्तर देण्यास जी समज लागते ती आयत्या वेळी येत नाही. ती शाळेच्या वयातच अंगी मुरावी लागते. आणि पालकहो, आपणांस आमची विनंती इतकीच की, वही-पेन्सिल घेतलेली दोन मुले आपल्या दारी आली तर त्यांस हाकलून न देता आपल्या वाडीत न्यावे. ते झाड कोणी लावले, ते पाणी कोणी वळविले, कोणत्या सालच्या दुष्काळात कोणत्या वेलाने घर तारले, हे त्यांस सांगावे. आपल्या घरच्या आजी ज्या गोष्टी जाणतात त्या पुष्कळशा कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे त्या जाणणारा कोणी उरावा, अशी ज्यास इच्छा असेल त्याने येत्या मृगाची वाट न पाहता आजच आपल्या अंगणात उभे राहून पहिला प्रश्न विचारावा: येथले पाणी जाते कोठे?